मेहुणे अर्धे बरोबर आहेत

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एका सरकारी विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात काम करतो. 19 वर्षं झाली. सुरुवात आवक-जावकच्या टेबलापासून केली, आता देयकं तपासतो. प्राध्यापकांइतका मान मिळत नाही, त्याची खंतही नाही. खंत दुसरीच आहे.

माझ्या पत्नीचे थोरले भाऊ एका खासगी कारखान्यात व्यवस्थापक आहेत. माणूस चांगला, अडीअडचणीला धावून येणारा. पण चार माणसं जमली की त्यांची गाडी माझ्या नोकरीवर घसरते. "भाऊजी, तुमचं विद्यापीठ म्हणजे पांढरा हत्ती. तेवढ्याच पैशात सरकारने कारखाना उभा केला असता तर हजार पोरं कामाला लागली असती. तुम्ही पदव्या वाटता आणि ती पोरं अर्ज घेऊन आमच्या फाटकाशी उभी राहतात." सगळे हसतात. मीही हसतो.

गेल्या वर्षी आमच्या विद्यापीठाने एक अहवाल काढला. विद्यापीठावर होणाऱ्या खर्चाच्या सातपट उलाढाल आसपासच्या भागात होते, हजारो नोकऱ्या तयार होतात, असं त्यात होतं. मी उत्साहाने त्याची प्रत मेहुण्यांना नेऊन दिली. त्यांनी पाच मिनिटांत चिंध्या केल्या. "तुमचा पगार एकदा पगार म्हणून धरलाय, आणि तुम्ही तो खर्च केलात म्हणून परत धरलाय," म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही, कारण हिशेबाचा माणूस म्हणून मलाही ते पटलं होतं.

माझी मुलगी तिथेच होती. परत येताना तिने विचारलं, "बाबा, मग तुम्ही नक्की करता काय?"

आता मेहुणे म्हणताहेत, स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि आमच्या लेखा विभागात या. पगार बरा आहे. जावं का? आणि न गेलो तर त्यांना काय सांगू?

— एक लेखा-लिपिक

उत्तर:

नमस्कार.

पत्र वाचून पहिली गोष्ट वाटली ती ही, की तुमच्या मेहुण्यांशी माझं जमेल. अहवाल हातात पडल्यावर पाच मिनिटांत दुबार नोंद पकडणारा माणूस नुसता टिंगलखोर नसतो. तेव्हा त्यांचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकू, म्हणजे उरलेल्यावर भांडायला आपण मोकळे.

असे अहवाल जगभर निघतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. पगार, खरेदी, बांधकाम, विद्यार्थ्यांचा खर्च यांची बेरीज करायची, तिला कुठल्यातरी आकड्याने गुणायचं आणि आलेलं उत्तर मुखपृष्ठावर ठळक छापायचं. 2007 मध्ये सीगफ्रीड, सँडरसन आणि मॅकहेन्री या तीन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी अशा अहवालांची झाडाझडती घेतली होती. मेहुण्यांनी काढलेली दुबार मोजणीची चूक त्यांच्या यादीत आहेच. पण त्याहून मोठी चूक साधी आहे: विद्यापीठ नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्नच कुणी विचारलेला नसतो. त्याच भागात वाढलेला मुलगा विद्यापीठ नसतं तरी तिथेच कुठेतरी राहिला असता, बसने फिरला असता, मोबाइल रिचार्ज केला असता. त्याचा सगळा खर्च विद्यापीठाच्या खात्यात कसा जमा करणार? बाहेरून आलेला विद्यार्थी, आणि एरवी बाहेर गेला असता पण इथेच थांबला तो विद्यार्थी, एवढ्यांचाच पैसा नवा. अनुदानाचंही तेच. ते तुमच्याकडे आलं नसतं तर दुसऱ्या कुठल्या खात्याकडे गेलं असतं, कदाचित त्याच भागात एखादा पूल झाला असता. या तिघांचा शेवटचा टोला मला फार आवडतो. प्राध्यापकांच्या संशोधनाला संस्था जी कसोटी लावतात तीच या अहवालांना लावली असती तर त्यांतले दावे इतके हास्यास्पद झाले नसते, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय.

तर ती सातपट विसरा. लहान भागात पैसा इतके हात फिरत नाही. तुमच्याच नोंदवहीत बघा: संगणक, रसायनं, मोठी उपकरणं, सॉफ्टवेअरचे परवाने. यातला बहुतेक पैसा पहिल्याच उडीत बाहेर जातो. जे मागे राहतं ते पगारातून, दुरुस्तीतून, बांधकामाच्या मजुरीतून आणि विद्यार्थ्यांच्या खिशातून.

मेहुण्यांच्या बाजूचा एक आकडाही देऊन टाकते, म्हणजे आपण काही लपवलं असं व्हायला नको. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेट्टी यांनी 2010 मध्ये अमेरिकी शहरांचा हिशेब मांडला. शहरात कारखानदारीतली एक नोकरी वाढली की स्थानिक सेवांमध्ये साधारण 1.6 नोकऱ्या वाढतात, असं त्यांना दिसलं. न्हावी, वकील, प्लंबर, शिकवणी घेणारे असे सगळे त्यात आले. म्हणजे कारखाना खरोखर काम देतो, आणि त्याच्या फाटकाबाहेरही देतो. फक्त त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की ती नवी नोकरी अधिक कुशल माणसाची असेल, तर हा आकडा 2.5 पर्यंत जातो. कुशल माणूस येतो कुठून, ते मेहुण्यांनाच विचारा. ज्या पोरांची ते चेष्टा करतात, ती त्यांच्या फाटकाशी आली नसती तर त्यांना माणसं शोधायला किती लांब जावं लागलं असतं?

"तेवढ्याच पैशात कारखाना" या वाक्याला मात्र माझ्याकडे एका शहराची गोष्ट आहे.

जर्मनीत बोखुम नावाचं शहर आहे. कोळशाच्या खाणींचं. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणी एकेक करून बंद पडायला लागल्या आणि हजारो माणसांचं पुढे काय करायचं असा प्रश्न उभा राहिला. शहराने दोन्ही मार्ग धरले. 1962 मध्ये ओपेलने मोटारींचा कारखाना काढला, तोही बंद पडलेल्या एका खाणीच्या जागेवर. आणि 1965 मध्ये रूर विद्यापीठ सुरू झालं, पश्चिम जर्मनीतलं युद्धानंतरचं पहिलं नवं सरकारी विद्यापीठ. 1973 मध्ये शहरातली शेवटची खाण मिटली. पुढे नोकियाचा मोबाइलचा कारखाना आला. 2008 मध्ये नोकियाने तो बंद केला, 2,300 च्या आसपास माणसं घरी बसली आणि काम रोमानियात गेलं. रोमानियातला कारखानाही तीनच वर्षांत, 2011 मध्ये, बंद झाला. 2014 च्या डिसेंबरात ओपेलचं फाटक बंद झालं.

विद्यापीठ मात्र आहे. सुमारे 40 हजार विद्यार्थी, आणि शहरातल्या सर्वांत मोठ्या नोकरीदात्यांत त्याची गणना होते. ओपेलच्या जुन्या जागेवर आता त्याच्या संशोधनाच्या इमारती उभ्या आहेत. त्याच जागेवर पार्सलं वर्गीकरण करणारं एक अवाढव्य केंद्रही आहे, हेही मेहुण्यांना सांगा. सगळी खाणकामगारांची नातवंडं संशोधक झाली असं काही घडलेलं नाही. पण एकाच तुकड्यावर खाण, कारखाना आणि प्रयोगशाळा अशी तीन आयुष्यं एका माणसाच्या हयातीत उलटली, आणि त्या सगळ्या काळात शहरात दर वर्षी नव्या मुलांची तुकडी यायची थांबली नाही.

विद्यापीठ टिकलं यात त्याचा मोठेपणा नाही, हे लक्षात घ्या. कारखान्याला दुसऱ्या देशात मजुरी कमी दिसली की तो उठून जाऊ शकतो. सरकारी विद्यापीठाला उठताच येत नाही, कायद्याने त्याचं कार्यक्षेत्र बांधलेलं असतं. शिवाय मंदीत कारखान्याचं काम घटतं, पण नोकऱ्या कमी झाल्या की शिकायला येणाऱ्यांची संख्या सहसा वाढते. तुमचा पगार मंदीतही महिन्याच्या महिन्याला होतो ना? तुम्हाला ती सोय वाटते. घरमालक, रिक्षावाला, इमारतींना रंग देणारा यांच्यासाठी तो एक टेकू असतो.

पण पगारावर थांबाल तर मेहुणे पुन्हा जिंकतील. पगार तर तुरुंगातही होतात. लष्करी छावणीतही होतात. तिथेही विजेचं काम करणारे, माळी, सफाई कामगार, लिपिक असतात. सरकारी पैशातून चालणारं काहीही आजूबाजूला थोडं काम देतंच. विद्यापीठाला त्याहून वेगळं काही सांगता येत नसेल, तर त्यांचा पांढरा हत्ती मला मान्य आहे.

वेगळं काय, ते एका बाटलीतून सांगते.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेतकरी गव्हाकडून दुधाकडे वळत होते. डेअरीत दूध वजनावर घेतलं जायचं. त्यामुळे पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि साय काढून घेणाऱ्याचा दुप्पट फायदा. ज्याने चांगली गाय पाळली, दाट दूध आणलं, त्याला पातळ दूध आणणाऱ्याइतकेच पैसे. डेअरीवाल्याला फसवणूक कळायची, सिद्ध करता यायची नाही. राज्याच्या सरकारी विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी 1890 मध्ये एक चाचणी बसवली. लांब मानेची काचेची बाटली, मानेवर रेघा. मोजून दूध ओतायचं, त्यात गंधकाम्ल घालायचं. आम्लात दुधातलं बाकी सगळं विरघळतं, स्निग्धांश तेवढा राहतो. मग बाटल्या एका चक्रात बसवून हाताने गरगर फिरवायच्या, वरून गरम पाणी घालायचं, की तो पिवळसर थर मानेत चढतो आणि रेघेवर आकडा वाचता येतो. लिहिता-वाचता येणाऱ्या कुणालाही काही मिनिटांत जमेल असं काम.

बॅबकॉकनी तिचं पेटंट घेतलं नाही. चाचणी कुणीही वापरावी म्हणून मोकळी सोडली. आता विचार करा, यातून किती 'नोकऱ्या' निर्माण झाल्या? बाटल्या फिरवणाऱ्या काही जणांच्या. अहवालात छापायला अगदीच किरकोळ. पण पैसे स्निग्धांशावर मिळायला लागले आणि भेसळीतला नफा संपला. कुठली गाय ठेवायची आणि कुठली विकायची हे शेतकऱ्याला आकड्यावरून ठरवता यायला लागलं. डेअरीला मालाची खात्री आली, खात्रीवर कर्ज मिळालं. त्याच सुमारास विद्यापीठाने दुग्धव्यवसायाचे हिवाळी वर्ग काढले. थंडीत शेतावर काम कमी, तेव्हा या आणि शिकून जा. विस्कॉन्सिन पुढे अमेरिकेतलं आघाडीचं दुग्धराज्य झालं, त्यात त्या बाटलीचा वाटा किती हे वेगळं काढून दाखवता येत नाही. म्हणूनच ते कुठल्या मुखपृष्ठावर येत नाही.

(त्याच विद्यापीठात पुढे हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातलं ड जीवनसत्त्व वाढवण्याची पद्धत शोधली. त्यांनी उलट केलं, पेटंट घेतलं. त्यातून येणारा पैसा संशोधनावर खर्च व्हावा म्हणून 1925 मध्ये विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी एक प्रतिष्ठान उभं केलं, ते आजही चालू आहे. दोघांपैकी बरोबर कोण, यावर मी अजून ठाम नाही.)

अशी विद्यापीठं काढायची म्हणून अमेरिकेत 1862 मध्ये मॉरिल कायदा झाला. राज्यातून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, जितके सदस्य जातात, त्या प्रत्येकामागे 30 हजार एकर जमीन राज्याला द्यायची, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी करायची. ती जमीन मूळ रहिवाशांकडून बळाने किंवा कवडीमोलाने घेतलेली होती. विद्यापीठांच्या गौरवगाथेत हे वाक्य सहसा सापडत नाही, म्हणून इथे घातलं. याच धर्तीवर आपल्या देशात 1960 मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं आणि दोन वर्षांनी लुधियानातही एक निघालं. हरित क्रांतीत या विद्यापीठांच्या शेतांवर तयार झालेल्या बियाण्याचा हात किती होता, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मेहुणे आकड्यांचे माणूस दिसतात. त्यांच्यासाठी एक आकडा आहे, आणि तो सातपटीसारखा फुगवलेला नाही. ॲना व्हॅलेरो आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी 78 देशांतल्या सुमारे 15,000 विद्यापीठांची 1950 ते 2010 या काळातली माहिती जमवली. एखाद्या प्रदेशात लोकसंख्येच्या मानाने विद्यापीठं 10 टक्क्यांनी वाढली, तर पुढे तिथलं दरडोई उत्पन्न साधारण 0.4 टक्क्यांनी जास्त दिसतं. बस, एवढंच. शेजारच्या प्रदेशांनाही थोडा लाभ होतो. आणि मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे की विद्यापीठ, त्याचे कर्मचारी आणि विद्यार्थी जो पैसा खर्च करतात तेवढ्यानेच हा फरक पडत नाही. त्यातला काही भाग शिकलेल्या माणसांतून आणि नव्या शोधांतून येतो. 0.4 ऐकून मेहुणे हसतील. हसू द्या. खरा आकडा लहान असला तरी पाच मिनिटांत फाटत नाही.

आता तुमच्या विद्यापीठाची दुसरी बाजू. शिकवलेली माणसं निघून जातात, ही तक्रार खोटी नाही. नेदरलँड्समधल्या एन्सखेडे या शहरात कापडगिरण्या होत्या. त्या डबघाईला येत असतानाच 1961 मध्ये सरकारने तिथे ट्वेंटे विद्यापीठ स्थापन केलं. तिथे शिकलेल्या खेर्ट-यान ब्रुइन्स्मा यांनी 1996 मध्ये हॉटेलच्या खोल्या इंटरनेटवरून आरक्षित करण्याचा एक छोटा उद्योग सुरू केला. तीच आजची बुकिंग डॉट कॉम. मुख्यालय? ॲमस्टरडॅममध्ये. राजधान्या अशाच असतात, पिकलेलं फळ बरोबर हेरतात.

उलटही घडतं. फिनलंडच्या उत्तरेला ओउलू आहे, तिथे 1958 मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलं. नोकिया तिथे वाढली ती या माणसांच्या बळावर. पुढे मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टने घेतला आणि 2014 मध्ये ओउलूतलं ते काम बंद करायचं जाहीर केलं. शेकडो अभियंते एकदम रिकामे. पण बिनतारी संदेशवहन समजणारी माणसं एका जागी इतकी दाट होती की त्यांना शोधत दुसऱ्या कंपन्या आल्या, काहींनी स्वतःच्या काढल्या. तेच काम तिथे आजही चालतं. नोकिया बोखुममधून गेली तेव्हा जुळणीचं काम करणारे हात मागे राहिले. ओउलूत मागे राहिलं ते यंत्र मुळात कसं बनवायचं हे ज्ञान. दोन्ही शहरांत विद्यापीठ होतं, तेव्हा फरक नुसत्या विद्यापीठाने पडत नाही. जे शिकवलं जातं आणि भोवताली जे काम चालतं, त्यांची एकमेकांशी ओळख हवी.

आणि इथे, लेखा-लिपिक, मी तुमच्या टेबलावर येते. कारण ही ओळख कुलगुरूंच्या भाषणात होत नाही, बरेचदा ती तुमच्या खिडकीशी होते किंवा तुटते.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायचे. एका विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागांचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, जाळीदार, कोळिष्टकासारखी. ती ते अशा हलक्या हाताने पुसायचे की भिंगाचा लेप शाबूत राहायचा. फिरकीतलं जुनं वंगण वाळून घट्ट व्हायचं, ते खरवडून नवं भरायचे. बरोबर पेचकसांचा एक संच, त्यातला सर्वांत लहान सुईएवढा. हाताखाली दोन पोरं तयार होत होती. एकदा 40 सूक्ष्मदर्शकांचं देयक त्यांनी दिलं आणि ते 14 महिने अडकलं. आधी कार्यादेशाचा क्रमांक लिहिला नाही म्हणून परत आलं. मग शिक्का पुसट म्हणून. मग विभागप्रमुखांची सही हवी म्हणून, आणि विभागप्रमुख तोवर निवृत्त झालेले. मग आर्थिक वर्ष उलटलं, त्या लेखाशीर्षात तरतूदच उरली नाही. प्रत्येक आक्षेप नियमाला धरून होता. पैसे शेवटी मिळाले, तोपर्यंत पोरं दुसऱ्या कामाला लागली होती आणि गृहस्थांनी विद्यापीठाचं काम कायमचं सोडलं होतं. नंतर तिथे वार्षिक देखभालीचं कंत्राट निघालं, बाहेरच्या मोठ्या कंपनीला गेलं. तिचा माणूस वर्षातून दोनदा येतो. मधल्या काळात प्रात्यक्षिकाला पाच मुलांत एक सूक्ष्मदर्शक.

या हिशेबात किती नोकऱ्या गेल्या? तीन. कुठल्याच अहवालात दिसणार नाहीत. पण त्या भागात भिंगं हाताळू शकणारी तीन माणसं होती आणि आता एकही नाही.

खरेदी कशी करायची याने किती फरक पडतो, त्याचं उदाहरण इंग्लंडमधल्या प्रेस्टनचं आहे. 2011 मध्ये तिथला एक मोठा व्यापारी संकुलाचा प्रकल्प बारगळला. बाहेरून कुणी येऊन तारेल ही आशा संपल्यावर नगरपरिषद, काउंटी परिषद, पोलीस, कॉलेजं अशा सार्वजनिक संस्था एकत्र बसल्या आणि आपापली देयकं काढून बघितली. शहरातल्या शहरात होणारी त्यांची खरेदी 5 टक्के होती. त्यांनी नवा पैसा आणला नाही. मोठी कंत्राटं फोडून लहान केली, स्थानिक पुरवठादारांना निविदा भरता येईल अशी व्यवस्था केली. चार वर्षांत तो वाटा 18 टक्क्यांवर गेला. यावर टीकाही आहे: प्रत्येक गावाने असंच केलं तर शेजारच्या गावाचं काय? ती टीका मला रास्त वाटते. पण 5 टक्क्यांवर असलेल्यांनी तिची फार काळजी करायचं कारण नाही.

तुम्ही नियम बदलू शकत नाही, मला ठाऊक आहे. लेखापरीक्षक मानेवर बसलेला असतो. पण 19 वर्षांत तुम्हाला हे नक्की कळलं असेल की चार त्रुटी असलेलं देयक चार वेळा परत पाठवता येतं किंवा एकदाच चारही त्रुटी लिहून पाठवता येतं. दोन्ही नियमातच बसतं. निविदेच्या मसुद्यात 'मागील तीन वर्षांची किमान उलाढाल' ही अट कामाच्या मानाने अवाढव्य पडली असेल, तर टिप्पणीत तसं एक वाक्य लिहिता येतं. वरिष्ठ ते खोडतील कदाचित. दहातलं एक तरी राहील. आणि कंत्राटी सुरक्षारक्षक, सफाई कामगार यांचं वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी ठेकेदाराने खरोखर भरल्याचे पुरावे देयकाला जोडलेत का, हे तुम्ही बघता की नुसती खूण करता? अहवालात या माणसांच्या नोकऱ्या 'निर्माण केलेल्या' म्हणून मोजल्या होत्या ना? मग त्या नोकरीसारख्या असायला हव्यात.

मेहुण्यांशी वाद घालू नका. त्यांना बोलवा. त्यांच्या कारखान्याला धातूची, पाण्याची, मालाची कसलीतरी चाचणी बाहेरून करून घ्यावी लागत असणार. विचारा, कुठे पाठवता, किती दिवस लागतात? तुमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती होते का हे तुम्ही आत विचारा. होत नसेल तर का नाही, हेही. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ 1957 मध्ये सुरू झालं तेच मुळी अशा सोयीवर की अभियांत्रिकीची मुलं काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात पगारावर, आळीपाळीने. मेहुण्यांनी दोन मुलं सहा महिने घेतली, तर फाटकाशी अर्ज घेऊन उभी राहणारी दोन कमी होतील. त्यांच्या चेष्टेत ही मागणीच दडलेली आहे असं मला वाटतं. तुमच्या लोकांना आमचं काम येत नाही, ही ती तक्रार. ती विनोदाच्या सुरात येते म्हणून तुम्ही ती कधी टिपून घेतली नाहीत.

राहिला नोकरी बदलण्याचा प्रश्न. निवृत्तिवेतन किती कापलं जातं, सेवा किती उरली, मुलीचं शिक्षण किती बाकी, हे कागदावर मांडा आणि ठरवा. कारखान्यातलं लेखाकाम काही हलकं नाही, आणि पगार बरा असेल तर जाण्यात कमीपणाही नाही. फक्त लाजेपोटी जाऊ नका, आणि मेहुण्यांच्या हाताखाली काम करताना जेवणाच्या पंगतीत काय होईल त्याचाही विचार करा.

मुलीला उत्तर द्यायचं असेल तर तिला अहवाल दाखवू नका. एका महिन्यात तुमच्या सहीने निघालेल्या देयकांची यादी, नावं झाकून हवी तर, तिच्यापुढे ठेवा. ग्रंथालयाच्या बांधणीवाल्यापासून प्रयोगशाळेची काच फुंकून देणाऱ्यापर्यंत. तुम्ही काय करता ते तिला त्यात दिसेल, आणि तुम्हालाही.

तोवर एक काम आहे. तुमच्या कपाटात अनामत रकमांच्या परताव्याची फाइल असेल. काम संपून वर्षं झाली तरी सुरक्षा ठेव परत न नेलेल्या लहान ठेकेदारांची. ती सोमवारी काढा. त्यांतली जी नावं गेल्या तीन-चार वर्षांत पुन्हा कधी निविदेत दिसली नाहीत, त्यांना आधी पत्र टाका, आणि पैसे न्यायला येतील तेव्हा विचारा, पुन्हा का आला नाहीत.

— ताई